वरवंट्याची कर्मतुला

पारडं वर गेलं आणि माळावर एकच कल्ला झाला.

"तीन भेल्या! तीन भेल्यांनी उतरले काकासाहेब!"

काकासाहेब डोळे मिटून तराजूच्या पारड्यात बसले होते. नव्वद किलोचे बागायतदार, गुडघेदुखीनं बेजार, अंगाला जाड सुती पासोडी गुंडाळलेली, कपाळभर भस्म. समोरच्या पारड्यात गुळाच्या ढेपी. दोन तासांपूर्वी याच गुळानं त्यांची बरोबर तुला झाली होती. आता तोच गूळ जड झाला होता. राजानंद महाराजांनी किलोकिलोच्या भेल्या एकेक करून उचलल्या होत्या. तिसरी उचलली तेव्हा दांडी सरळ झाली आणि पुढच्या रांगेतल्या बायकांनी जमिनीला डोकं टेकलं.

महाराजांनी माईक तोंडाशी धरला.

"वस्त्र तेच, माणूस तोच, काटा तोच! मंग कमी काय झालं?"

"पाप!" अख्खा मांडव ओरडला.

"कर्म म्हणा, कर्म! सात जन्मांचं साचलेलं कर्म! हिंदू त्याला संचित म्हणतात, बौद्ध कम्म म्हणतात, जैन कर्मरज म्हणतात. दुकानं तीन, माल एकच! अन् माल म्हटला की वजन आलंच!"

टाळ्या पडल्या. मंठ्याच्या बाजारावर जगणाऱ्या माणसांना याहून पटणारा वेदान्त कोण सांगणार?

विधी मोठा झोकदार होता. हौदात डुबकी मारायची, महाराजांनी दिलेली पासोडी हौदातच भिजवून अंगाला गुंडाळायची आणि ओलेत्यानं पहिली तुला करायची. मग अकरा होमकुंडांच्या रिंगणात, एप्रिलच्या उन्हात, निर्जळी दोन तास बसायचं. उठलं की त्याच पासोडीत दुसरी तुला. जेवढा गूळ कमी भरेल तेवढं कर्म जळालं. उरलेला गूळ अर्थातच महाराजांचा. अंकुशनगरकडच्या गुऱ्हाळांतून तो ट्रॅक्टरनं येत होता.

मी पहिल्या रांगेत, महाराजांनी दिलेल्या खुर्चीवर बसलो होतो. हा तराजू खरा की खोटा, हे मला सांगायचं होतं आणि माझ्या उत्तरावर दहा वर्षांच्या एका पोरीचा जीव टांगलेला होता.

मी केशव. जालन्यात मस्तगडला राहतो. बत्तीस वर्षं वैधमापन निरीक्षक होतो, म्हणजे दुकानदारांचे काटे आणि वजनं तपासायची आणि खरी असली तर त्यांवर सरकारी शिक्का मारायचा. मंठ्याच्या मोंढ्यातला, म्हणजे शेतमालाच्या बाजारातला, कल्याण मापाडी माझ्या नोकरीतल्या ओळखीचा. मोंढ्यात माल तोलणारा हा माणूस इतका सचोटीचा की शेतकरी आणि आडत्या दोघंही त्याच्या हाताला हरकत घेत नसत. त्याची मुलगी शालू. तिला दीड वर्षापूर्वी साखरेचा आजार निघाला. लहान मुलांना होतो तो, शरीर इन्सुलिन बनवणंच बंद करतं तो. रोज सुई घेतली तर पोर शाळेत जाते, लंगडी खेळते. सुई बंद केली तर थोड्याच दिवसांत जीव जातो. मधला रस्ता नाही.

आदल्या दिवशी संध्याकाळी कल्याणचा फोन आला होता.

"साहेब, महाराज म्हणून राह्यले, पोरीची सुई बंद करा. हे मागच्या जन्मीचं हाय. शालू मागच्या जन्मी हलवाई व्हती म्हनं, गोडात भेसळ केली, म्हणून या जन्मी गोड बाधतं. मी कालपासून सुई बंद केली."

माझी बायको उमा जालन्याच्या दवाखान्यात तीस वर्षं परिचारिका होती. तिनं फोन हिसकावून घेतला. "कल्याण, पोर मरेल! आत्ता सुई दे!"

"ताई, आधी माझं ऐका. मी येडा न्हाई. तिथं काटा हाय. मी मापाडी माणूस, मला काटा कळतो. मला तरी त्यात खोट दिसली न्हाई. पण साहेबांनी उद्या माळावर येऊन बघावं. खोट निघाली तर तिथंच सुई देतो. न्हाई निघाली तर मंग मला अडवायचं न्हाई."

उमा नको नको म्हणत असताना मी फोन घेतला आणि म्हणालो, "कबूल." मोठ्या तोऱ्यात म्हणालो. बत्तीस वर्षांत मी इतके खोटे काटे पकडले होते की हाही पकडणार याची मला खात्रीच होती. उमानं मात्र माझ्याकडं न बघता पिशवी भरायला घेतली. इन्सुलिनची नवी कुपी, बर्फाचा डबा, साखर मोजायचं यंत्र.

तर आता काकासाहेबांची तुला झाली आणि मी उठलो. महाराजांनी हसत वाट करून दिली. "या साहेब, बिलकुल संकोच करू नका. सत्याला तपासणीचं भय नसतं!"

मी दांडीच्या दोन्ही बाजू टेपनं मोजल्या. रिकामी पारडी पाहिली, समतोल. घरून आणलेली शिक्क्याची वजनं इकडून तिकडं, तिकडून इकडं केली. पारड्याखाली हात फिरवला. दोरी नाही, लोहचुंबक नाही. आत काही लपवलंय का पाहायला एक भेली फोडलीसुद्धा. निव्वळ गूळ. मांडव श्वास रोखून बघत होता. होमाच्या रिंगणापाशी कल्याण उभा होता, त्याचा डोळा माझ्या हातावरून हलत नव्हता.

मी खोटं बोलू शकलो असतो. दांडी वाकडी आहे, इतकं म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण कल्याण मापाडी होता. तो पुढं आला असता, त्यानं पुन्हा मोजलं असतं आणि मग माझा शब्द कायमचा गेला असता. शिवाय खरं सांगायचं तर मला तेवढं सुचलंही नाही. सवयीनं तोंडातून निघून गेलं, "काटा खरा आहे."

महाराजांनी शब्द खाली पडू दिला नाही. "ऐकलं? सरकारी साहेबांनी शिक्का मारला! आता दुसऱ्या तुकडीची तुला साहेबांच्याच हातानं होणार!"

कल्याणनं मला लांबूनच हात जोडले आणि तो शालूला आणायला वळला. मला तिथंच जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

शालू आईच्या, वंदनाच्या, खांद्याला टेकून बसली होती. ओठ कोरडे, डोळे आत गेलेले, श्वास भराभर आणि खोल. सकाळपासून दोनदा ओकली होती. "कर्म बाहेर पडून राह्यलं," महाराजांच्या सेवेकऱ्यानं वंदनाला समजावलं होतं. उमा तिच्याजवळ गेली तेव्हा शालूनं हळूच विचारलं, "आजी, थोडं पाणी देता का? कुणाला सांगू न्हाई."

उमानं सरळ तांब्या तिच्या तोंडाला लावला आणि बोटातून रक्ताचा थेंब घेतला. यंत्रावर आकडा आलाच नाही. साखर इतकी वाढली की यंत्र आकडा दाखवायचं सोडून देतं.

"आजी," शालू म्हणाली, "मी मागच्या जन्मी लई वाईट व्हते का?"

उमा मला सांगते, तिला त्या क्षणी जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कधी आला नव्हता. ती कल्याणवर ओरडली, "श्वासाला वास येतोय तिच्या, रक्तात विष चढतंय, कळतंय का? उचल पोरीला, दवाखान्यात चल!"

"ताई, फक्त दोन तास," कल्याण म्हणाला. "साहेबच म्हनले काटा खरा हाय. कर्म जळू द्या. मंग महाराज त्या कुप्यांची आहुती देणार हायेत. मंग सुईची गरजच न्हाई."

आहुतीचं ताट होमकुंडाशेजारीच होतं. झेंडूची फुलं, खोबऱ्याची वाटी आणि मध्ये शालूच्या इन्सुलिनच्या तीन कुप्या. वंदनानं त्या घरी मडक्यात, ओल्या फडक्यात जपून ठेवल्या होत्या. आता त्या आचेनं तापत होत्या.

उमानं शालूचा हात धरला, तसे चार सेवेकरी आडवे आले. बाप राजी, आई गप्प. ज्यांनी पोर उचलायची तीच तयार नाहीत, तर आम्ही दोन म्हातारी माणसं काय करणार होतो? त्यांनी शालूला हौदापाशी नेलं, बुडवून काढलं, पासोडीत गुंडाळलं. ओलीचिंब पोर पारड्यात बसली आणि मी, केशव, सेवानिवृत्त वैधमापन निरीक्षक, मी माझ्या हातानं समोर गूळ चढवला. मग तिला उचलून रिंगणात बसवलं.

त्यानंतर एक बाई आल्या, मग एक म्हातारे. मी तोलत होतो, पण माझं लक्ष रिंगणाकडं होतं. शालू बसल्या जागी डुलत होती. दोन तास ती काढणार नाही हे मला उमानं सांगायची गरज नव्हती. काटा खरा, गूळ खरा, माणूस तोच, वस्त्र तेच. मग तीन किलो जातं कुठं? डोकं फुटायची वेळ आली.

तेवढ्यात माझ्या बुटावर काहीतरी पडलं. टप्. पुन्हा टप्.

मी खाली पाहिलं. म्हाताऱ्यांच्या पारड्याखाली फुफाट्यात चिखल झाला होता. पासोडीचं टोक गळत होतं. मी पाय झटकला आणि तसाच थांबलो. काकासाहेब दुसऱ्या तुलेला बसले होते तेव्हा इथं ठिपूसही नव्हता. काकासाहेबांची पासोडी ठणठणीत कोरडी होती.

मला हसू आलं नाही, संताप आला, आणि तो महाराजांवर नंतर आला, आधी स्वतःवर आला. पूजा ओलेत्यानं करायची हे आपल्या अंगात इतकं मुरलंय की ओलं वस्त्र समोर असून कुणाला दिसलं नव्हतं. मी काटा तपासला, वजनं तपासली, गूळ फोडला. पारड्यात माणसाबरोबर हौदातलं तीन लिटर पाणी बसलंय, हे मी पाहिलंच नाही.

मांडवामागं भंडाऱ्याचा स्वयंपाक चालला होता. मी धावत गेलो. नंदाबाई नावाच्या आचारीणबाई पाट्यावर मिरच्या वाटत होत्या.

"बाई, तुमचा वरवंटा द्या. जल्दी."

"आता, अन् तुमाला वो कशाला?"

"त्याची तुला करायची आहे."

त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि मिरची पुसून वरवंटा दिला. चांगला भारी होता. परत येताना मी काकासाहेबांनी काढून ठेवलेली कोरडी पासोडी उचलली आणि थेट माईकपाशी गेलो.

"मंडळी, महाराजांनी मला तोलायचा मान दिलाय. आणखी एक तुला करतो."

"साहेबांची स्वतःची तुला!" महाराज खूश होऊन म्हणाले.

"नाही. याची." मी पासोडीतून वरवंटा वर करून दाखवला, तो पुन्हा गुंडाळला आणि पारड्यात ठेवला. समोर भेल्या चढवल्या. सहा भेल्यांना दांडी सरळ झाली. मी कल्याणला हाक मारली. "कल्याण, इकडं ये. तूच बघ. सहा बराबर?"

तो आला. सवयीनं वाकून काटा पाहिला. "बराबर सहा."

मी पासोडी काढली, हौदात बुडवली, तशीच निथळत आणून वरवंट्याला गुंडाळली आणि पारड्यात टाकली. पारडं धप्पकन खाली बसलं. मी समोर एक भेली ठेवली. हललं नाही. दुसरी ठेवली. तिसरी ठेवली, तेव्हा कुठं दांडी सरळ झाली.

"एका मिनिटात नंदाबाईंच्या वरवंट्यानं तीन किलो पाप केलं," मी म्हणालो. "मागच्या जन्मी कोण होता हा, महाराज? हलवाई?"

मांडवात कुणीतरी फिसकन हसलं. महाराजांचा चेहरा उतरला, पण आवाज चढला. "दगडाला कर्म नसतं, मूर्खा!"

"मग वाढलं काय?"

महाराजांनी सेवेकऱ्यांना खूण केली आणि माईक बंद पडला. दोघांनी माझे दंड धरले. मला तेवढ्यात एकाच माणसाशी बोलायचं होतं. मी ओरडलो, "कल्याण! मोंढ्यात कुणी कापसाला पाणी मारून आणलं तर तू तोलतोस का?"

"न्हाई. परत धाडतो."

"का?"

"का म्हंजे? पाण्याचं वजन भर..."

वाक्य त्याच्या तोंडातच राहिलं. त्यानं पारड्याकडं पाहिलं. पासोडीतून पाणी गळत होतं. मग त्यानं रिंगणाकडं पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. आयुष्यभर ओला माल ओळखून परत पाठवणारा माणूस, आणि त्यानं पोटची पोर ओली तोलू दिली होती.

"शालूऽऽ!" तो ओरडत रिंगणात घुसला. सेवेकरी मला सोडून त्याच्याकडं वळले, तेव्हा काकासाहेब गुडघे विसरून ताडकन उभे राहिले.

"हात लावायचा न्हाई त्याला! मीबी कापूस भिजवून नेल्ता एक डाव. ह्याच गड्यानं परत धाडला व्हता. पाण्याचं वजन मला कुनी शिकवायची गरज न्हाई." त्यांनी खिशातून गाडीची किल्ली काढली. "माझी जीप मांडवालगतच हाय. चला."

कल्याणनं पासोडी ओरबाडून काढली आणि पोरीला छातीशी धरून धावत सुटला. वंदना मागोमाग. आतापर्यंत शब्द न बोललेली ती बाई जाताजाता थांबली, महाराजांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्या लेकराला पापी म्हनलास तू." एवढंच. मग तीही धावली.

ताटातल्या कुप्या आचेनं बाद झाल्या होत्या, पण उमाच्या डब्यात बर्फात ठेवलेली नवी होती. जीपमध्ये बसल्याबसल्या तिनं जालन्याच्या डॉक्टरांना फोन लावला आणि त्यांनी सांगितला तेवढा डोस दिला. मंठ्यात सलाईन लावलं आणि तिथून अँब्युलन्सनं जालन्याला नेलं. त्या रस्त्यात शालू दोनदा हाकेला ओ देईनाशी झाली. कल्याण तिचे तळपाय चोळत होता आणि तोंडानं एकच म्हणत होता, "मी तोलली, मीच तोलली." मी त्याच्याशेजारी बसलो होतो. गूळ मी चढवला होता, त्याच्या वाक्यात माझाही वाटा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं डोळे उघडले. मी त्याच संध्याकाळी पोलिसांत लेखी तक्रार दिली, आणि काकासाहेबांनी साक्षीदार म्हणून सही केली. महाराज तोवर माळ सोडून गेले होते. तराजू मात्र तिथंच राहिला. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

पाचव्या दिवशी सकाळी आम्ही दवाखान्यात गेलो, तेव्हा शालूचं वजन करायचं चाललं होतं. त्या दिवसांत तिचं वजन खरंच उतरलं होतं. ते कर्म नव्हतं, तिचं अंग आतून जळत होतं. नुकतीच न्हालेली होती, वेणीतून पाणी ठिबकत होतं. नर्स म्हणाली, "ये, उभी राहा काट्यावर." कल्याण मधे आला.

"थांबा ताई. केस ओले हायेत."

त्यानं खांद्यावरचा टॉवेल घेतला आणि तिचे केस पुसू लागला. चांगली दोन-तीन मिनिटं पुसत होता. नर्सला काही कळेना. उमानं खिडकीकडं तोंड फिरवलं.

"आजोबा," शालूनं टॉवेलमधून मला विचारलं, "माझं पाप गेलं का?"

"नव्हतंच गं बाळा. पाणी होतं ते."

मी धर्माचा अभ्यासक नाही. पण वाचलंय, ऐकलंय, त्यातून इतकं मला कळतं. हिंदूंनी कर्म म्हणजे आपण केलेली कृती मानली, बुद्धांनी त्या कृतीमागचा हेतू मानला आणि जैनांनी आत्म्याला चिकटणारी सूक्ष्म धूळ मानली, पण ती झाडायला ज्याचं त्यानं तप करावं लागतं असं सांगितलं. अडीच हजार वर्षं ही थोर माणसं कर्मावर वाद घालत आली. त्यांतल्या एकानंही ते किलोत मोजून दाखवतो म्हटलं नाही, आणि आजारी पोरीला पापी ठरवून औषध जाळा, असं तर कुणीच म्हटलं नाही. कर्म तुम्ही मानत असा वा नसा, त्या माळावरचं खरं कर्म आम्हा मोठ्यांचं होतं. कल्याणनं सुई बंद केली, मी न विचार करता "काटा खरा" म्हणालो आणि शेकडो माणसांनी टाळ्या वाजवल्या.

काटा खरा आहे का, एवढंच विचारून थांबू नका. पारड्यात नक्की काय काय बसलंय, तेही विचारा. चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी पासोडी पिळून बघा. आणि लेकराची सुई कुणाच्याही शब्दावर बंद करू नका, मग तो शब्द महाराजाचा असो की माझ्यासारख्या शिक्केवाल्या साहेबाचा.